म्हशीचं कॅल्शियम आणि आक्काचं पाणी

मी डॉक्टर आहे, पण औषध देणारा नाही, हे वाक्य मी जन्मभरात जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवणं हा माझा धंदा. शरीर चालतं कसं, एवढंच आम्ही सांगायचं. बिघडलं तर काय करायचं, ते पुढच्या वर्षांचे मास्तर सांगतात. त्यामुळे सांगलीत माझ्या दारावर पाटी होती, पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ होतं, आणि दार वाजवून आत येणाऱ्याला द्यायला माझ्याकडे चहाखेरीज काही नव्हतं.

तासगावकडचे एक बागायतदार शेजारी पाहुणे म्हणून आले होते. पाटी बघून ते आमच्याकडे शिरले. बेदाण्याच्या शेडवर वाकून वाकून त्यांची कंबर धरली होती.

“एक सुई मारा सायेब. मला सुईनं लगीच उतार पडतोय.”

“मी सुई देत नाही.”

“बरं, मग गोळी द्या.”

“गोळीही देत नाही हो. मी शिकवतो.”

ते कण्हत उठले, बाहेर जाऊन त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली आणि दारातून डोकं आत घालून म्हणाले, “आवं मग मास्तर म्हणा की सरळ! उगं दुखणाईत माणसाला पायऱ्या कशाला चढायला लावता?” कंबर धरूनच ते गेले. त्यांचं म्हणणं मला सोळा आणे पटलं. पाटी मात्र मी काढली नाही.

बाहेरच्यांचं एक वेळ सोडा. माझी थोरली बहीण, आक्का, कोरेगावजवळच्या एका गावात दिलेली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे मला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. मी डॉक्टर होणार म्हटल्यावर तिनं गावभर सांगून ठेवलं होतं की, आता आमच्या घरात कुणी आजारी पडायचं कारण न्हाई. पुढे मी मास्तर झालो, तेव्हा आपली कुणीतरी फसवणूक केली अशी तिची ठाम समजूत झाली. सुट्टीत मी गेलो की ती गुडघे पुढे करायची. मी म्हणायचो, चांगल्या डॉक्टरला दाखव. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, “दुसऱ्याला दाखवायचं तर तू कशाला एवढी बुकं वाचलीस?”

एवढी बुकं वाचून मी काय शिकलो, ते आता सांगतो. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही.

आपलं शरीर अगणित बारीक पेशींचं बनलेलं आहे आणि प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट पापुद्रा असतो. तेलातून पाणी सहजासहजी जात नाही, हे कढईत तेल तापवणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. मग पेशीच्या आतबाहेर एवढं पाणी फिरतं कसं? तर त्या पापुद्र्यात पाण्यासाठी स्वतंत्र दारं असतात. ती इतकी अरुंद, की पाण्याचे कण एकामागून एक, एका रांगेत जातात. मधे दुसऱ्या कुणाला घुसता येत नाही. कॅल्शियमचीही अशीच वेगळी दारं आहेत, पण त्यांचा कारभार फार कडक. कॅल्शियम म्हणजे हाडातला चुना, असं लोक समजतात. ते खरंच आहे, पण थोडंसं कॅल्शियम रक्तात फिरत असतं आणि शरीरातली निम्मी कामं तेच करवून घेतं. पेशीच्या बाहेर ते भरपूर, आत जवळजवळ नाहीच. दार क्षणभर उघडलं की ते आत मुसंडी मारतं आणि पेशी कामाला लागते. स्नायू आखडतो, हृदय ठोका देतं, ग्रंथी पाझरायला लागते.

ही दोन दारं एकमेकांच्या सल्ल्यानं चालतात, हे माझं लाडकं प्रकरण. ते शिकवायला मी वर्गात चिंच न्यायचो. टेबलावर गाभुळलेली चिंच ठेवायची, तिच्यावर मीठ भुरभुरायचं, एक तुकडा मीच तोंडात टाकायचा आणि पोरांकडे बघत बसायचं. दोन मिनिटांत अख्खा वर्ग आवंढे गिळायला लागायचा. मग सांगायचं, “आत्ता तुमच्या लाळेच्या ग्रंथीत कॅल्शियम वाढलं. त्यानं क्षार बाहेर ढकलले, आणि क्षारांच्या मागोमाग पाणी आपल्या दारांतून बाहेर आलं. तोंडाला पाणी सुटलं म्हणतात ते हे.” तेवढा धडा कुणी कधी विसरला नाही. चिंचेचा खर्च माझा.

मूत्रपिंडात मात्र हेच कॅल्शियम उलटं वागतं. आपण दिवसभरात जेवढं पाणी पितो, त्याच्या कितीतरी पट पाणी मूत्रपिंडात गाळलं जातं, आणि बहुतेक सगळं परत आत ओढून घेतलं जातं. त्या शेवटच्या ओढाओढीसाठी तिथल्या पेशी पाण्याची दारं आपल्या पोटात घडी करून ठेवतात. मेंदूचा निरोप आला, की दारं वर आणून पापुद्र्यात बसवतात. पण रक्तात कॅल्शियम फार झालं तर मूत्रपिंड म्हणतं, आता लघवी घट्ट झाली तर खडा होईल, त्यापेक्षा पाणी जाऊ दे. आणि दारं काढून घेतं. मेंदू निरोपांवर निरोप धाडतो, पण ऐकणार कोण? पाणी वाहून जातं. माणसाला सारखी लघवी होते, म्हणून सारखी तहान लागते. पितोय म्हणून लघवी होत नसते, लघवी होते म्हणून पीत असतो. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारायचो.

यावरचा माझा तोंडी परीक्षेचा प्रश्न सगळ्या कॉलेजात बदनाम होता. “एक बाई तांब्यावर तांब्या पाणी पितेय, दर घटकेला लघवीला जातेय. साखर तपासली, ठीक आहे. पुढे काय तपासशील?” समोरचं पोरगं कॅल्शियमचं नाव घेईपर्यंत मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहायचो. कित्येक जण तेवढ्यानंच रडकुंडीला यायचे. आपण फार थोर मास्तर आहोत असं मला त्या वेळी वाटत असे.

कॅल्शियमनं माझं नाक एकदा आधीच कापलं होतं, तेही सांगून टाकतो. पूर्वी आमच्या प्रयोगशाळेत बेडूक असायचे. बेडकाचं हृदय काढून ठरावीक क्षारांच्या पाण्यात ठेवलं तर ते तासन् तास धडधडत राहतं. त्या पाण्यात कॅल्शियम घातलं नाही, तर ठोके मंदावतात आणि हृदय थांबतं. पुन्हा चार थेंब घातले की चालू. हा खेळ मी नाटकवाल्यासारखा रंगवून करायचो. एका वर्षी वर्ग गच्च भरलेला. मी घड्याळ हातात धरून जाहीर केलं, “आता हृदय थांबेल.” हृदय थांबेना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पोरं खुसखुसायला लागली, आणि ते बेडकाचं हृदय वरातीतल्या ताशासारखं खणखणीत वाजतंय. अखेर तासाची घंटा झाली आणि माझी सुटका झाली.

प्रयोगशाळेचे जुने शिपाई नामदेवमामा यांना मी बाजूला घेतलं. “मामा, पाणी कुठलं वापरलं?”

“आपलं बोअरचं की. ते मशिनीचं डिस्टिल पाणी संपलं व्हतं. पाणी ते पाणी, सर.”

आमच्या बोअरच्या पाण्यानं किटलीत आठ दिवसांत पांढरा थर बसायचा. तो थर म्हणजे बहुतेक कॅल्शियमच. कॅल्शियम कुठल्या वाटेनं आत शिरेल याचा नेम नसतो, हे त्या दिवशी मला कळायला हवं होतं. मी नुसता नामदेवमामांवर ओरडलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. एके दिवशी दुपारी भाच्याचा, म्हणजे आक्काच्या संपतचा, फोन आला. त्याची थोडी शेती आहे, गोठ्यात एक म्हैस. मी क्रिकेट बघत हरभरे सोलत बसलो होतो.

“मामा, आईचं जरा इचारायचं व्हतं. लय पाणी पितीया. तांब्या म्हणून खाली ठेवत न्हाई. आन् दर घटकंला मोरीत. रातचं चार-पाच येळा उठती. काल उठताना पडता पडता ऱ्हायली.”

“साखर तपासली का?”

“तपासली की. दोनदा तपासली. नार्मल हाय म्हणत्यात.”

माझा प्रश्न होता हा. शब्द न् शब्द माझा. फक्त या खेपेला टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत मी होतो. मी हरभऱ्याचा एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणालो, “वय झालं रे. या वयात मूत्राशय सैल पडतं. दुपारी चारनंतर पाणी बंद करायला सांग. दिवसाही मोजून, दोन तांब्यांच्या वर नको. पिणार नाही तर लघवी होणार नाही.”

“येवढंच?”

“एवढंच. काळजी करू नको.”

ज्या वाक्याखाली मी दरवर्षी दोन रेघा मारत आलो, त्याच्या बरोबर उलटं मी बोललो होतो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “आज कधी नव्हे ते कुणाला काहीतरी सांगितलंत.” मला बरंच वाटलं. पुढच्या षटकात आपला एक गडी बाद झाला, त्याचीच चुटपुट जास्त लागली.

दहा दिवसांनी सकाळी पुन्हा संपतचा फोन. आवाज उतरलेला. “मामा, आई बरळतीया. रेखाला वळखंना. मला म्हणती, आज साळंत का गेला न्हाईस? आठ दिस पोट साफ न्हाई, खाल्लेलं उलटून पडतंय. पडूनच हाय. भावकीतली म्हणत्यात, बाहेरचं काय तरी हाय, बघून घ्या. आमच्या गावच्या डाक्टरांनी साताऱ्याला न्यायला सांगितलंय, पर ती उठंना. म्हटलं आदी तुमाला इचारावं.”

“पाणी?”

“तुमी सांगितल्यापासनं लय कमी केलंय तिनं. आमी हुन द्यायला गेलो तरी घेत न्हाई.”

“शाब्बास,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. खोटं कशाला सांगू?

तरी मनात कुठंतरी खुट्ट झालं आणि मी मिळेल ती गाडी पकडून कोरेगावला उतरलो. संपत मोटारसायकल घेऊन स्टेशनवर आलाच होता. घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आक्का पुढच्या खोलीत खाटेवर. सगळं गाव जिच्या आवाजाला दबून असायचं, ती माझी बहीण डोळे अर्धवट मिटून पडली होती. ओठ फुटलेले. जीभ कोरडी खडखडीत. मी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर चिमटीची घडी तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपल्याची ती खूण, पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळणारी.

“आक्का, मी वसंता.”

तिनं डोळे किलकिले केले. “मास्तर आलं का?” एवढं म्हणून पुन्हा मिटले. शुद्धीत म्हणाली की भ्रमात, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

तिची सून रेखा पायाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, “मामा, पोटात पाणी न्हाई, पर लघवी चालूच हाय बगा. लुगडी बदलून बदलून मी थकले.”

एवढं ऐकल्यावर तरी ट्यूब पेटायला हवी होती. अंग कोरडं पडलेलं असताना मूत्रपिंड पाणी सोडून देतंय, म्हणजे पाण्याची दारं कुणीतरी काढून घेतलीत. मी मनात म्हणालो, जंतुसंसर्ग असेल. तेवढ्यात मागून संपत ओरडत आला की म्हैसही सकाळपासून बसलीय ती उठत नाही. एकाच घरात दोन आडव्या झालेल्या. त्यानं आधीच गुरांच्या डॉक्टरांना फोन केला होता आणि त्या स्कूटीवरून येऊनही पोचल्या. शेडगे नावाची तरुण मुलगी, पायांत गमबूट, हातात पेटी. साताऱ्याला न्यायला जीप सांगून मी तिच्यामागून गोठ्यात गेलो. उगीचच. मला आक्काजवळ बसवत नव्हतं, हे खरं कारण.

म्हैस मान कुशीकडे वळवून बसली होती. कान गार. शेडगे डॉक्टरनं दोन मिनिटांत निदान केलं. “कॅल्शियम उतरलंय. व्यायल्यावर दुधात सगळं कॅल्शियम जातं, अंगात उरत नाही, स्नायूंत ताकद राहत नाही. तुम्ही रोज पाजत नाही का कॅल्शियम? मी सांगितलं होतं ना?”

“पाजतो की!” संपत चिडला. “महिन्यात दोन कॅन संपलं.”

“दोन? पाच-पाच लिटरचे? एका म्हशीला एक कॅन दीड महिना पुरतो. बाकीचं गेलं कुठं?”

आमच्यामागून रेखाही गोठ्याच्या दारात येऊन उभी होती, संपतनं तिच्याकडे बघितलं. रेखानं खाली बघितलं. या भागात दुभतं जनावर असलेल्या घरी तो पांढरा कॅन असतोच. गोडसर, घट्ट दुधासारखं औषध, त्यात कॅल्शियम आणि ते अंगी लागावं म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व. माणसाच्या डोसाचा तिथं हिशोब नसतो, म्हशीच्या अंगाचा असतो.

“आत्तीच पाजत्यात म्हशीला,” रेखा सासूबद्दल म्हणाली. “आमाला हात लावू देत न्हाईत.”

“मग?”

“मग काय... त्या सोता बी घेत्यात.” रेखाला रडू फुटलं. “दिवाळीपासनं. सकाळ-सांजच्याला फुलपात्रभर. म्हणायच्या, म्हशीच्या हाडाला येतंय तर माझ्या गुडघ्याला का येणार न्हाई? गोड बी लागतंय. मला म्हणाल्या, संपतला सांगितलंस तर बघ. मग पोटात गॅस धराय लागला, तवा त्यावर खायाचा सोडा बी घ्यायच्या. अलीकडं तर म्हशीला थेंबभर आन् त्येंनाच जास्ती व्हायचं. लय तहान लागायची, तर आता धा दिस पाणी बी बंद केलंय त्येंचं.”

सगळं एका क्षणात समोर आलं, फळ्यावर लिहिल्यासारखं. तहान, लघवी, बद्धकोष्ठ, भ्रम. रक्तात कॅल्शियम वाढलं, सोड्यानं ते आणखी चढवलं, मूत्रपिंडानं पाण्याची दारं काढून घेतली, पाणी वाहून जायला लागलं. आक्काचं शरीर शहाणं. ते तहान लावून तांब्यावर तांब्या मागत होतं. त्या पाण्यानंच तर ती इतके दिवस तगली होती. आणि मी ते पाणी तोडलं. पाणी आटल्यावर रक्तातलं कॅल्शियम आणखी दाट झालं, मूत्रपिंडं सुकायला लागली, मेंदूवर झापड आली. दोन दिवस आणखी गेले असते तर आक्का गेली असती.

शेडगे डॉक्टर म्हशीच्या शिरेत सुई लावत होती. तिच्याही सगळं ध्यानात आलं असावं. सुईवरची नजर न काढता तिनं विचारलं, “काका, आजींना तहान लागत होती ना? मग पाणी कुणी बंद केलं?”

संपत म्हणाला, “मामांनी.” तक्रारीचा सूर नव्हता त्यात. डॉक्टरनं विचारलं, त्यानं सांगितलं.

“तुम्ही डॉक्टर ना?” तिनं मला विचारलं.

“शिकवतो,” मी म्हणालो. तो बागायतदार इतक्या वर्षांपूर्वी जे बोलून गेला, त्यापेक्षा हे जास्त झोंबलं. खरं सांगायचं तर मला तिथं त्या शेणात तोंड घालावंसं वाटलं.

जीप यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात ती बाटली म्हशीच्या अंगात हळूहळू उतरली. डॉक्टर दर मिनिटाला तिच्या हृदयाचे ठोके ऐकत होती, कारण कॅल्शियम घाईनं गेलं तर हृदयच बंद पडतं. बाटली संपली, थोड्या वेळानं म्हैस थरथरली, मागचे पाय सावरून उभी राहिली आणि तिनं लगेच वैरणीला तोंड लावलं. पुढच्या खोलीतून आम्ही आक्काला चादरीसकट उचलून जीपमध्ये घालत होतो. एकीला कॅल्शियम कमी पडलं होतं, दुसरीला फार झालं होतं.

साताऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. कॅल्शियमचा आकडा बघून त्यांना यंत्रच बिघडलं असं वाटलं, म्हणून पुन्हा तपासलं. आकडा तोच आला. सलाईनच्या बाटल्या लागल्या, एकामागून एक. पाणी, नुसतं मिठाचं पाणी, हाच पहिला उपाय होता. तिथली ड्यूटीवरची डॉक्टर माझ्याकडे निरखून बघत होती. शेवटी म्हणाली, “सर, तुम्ही मला तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारला होता.”

“उत्तर दिलं होतंस?”

“नाही सर. नापास केलं होतं तुम्ही.”

मग तिनं कागद पुढे ओढला आणि पाणी कधीपासून कमी केलं, कुणाच्या सांगण्यावरून, ते विचारलं. मी सांगितलं. तिनं ‘नातेवाइकांच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं. नाव लिहिलं नाही. त्या मुलीला मी किती मार्क दिले होते ते मला आठवत नाही, आणि आठवायची इच्छाही नाही.

तिसऱ्या दिवशी आक्कानं मला ओळखलं. पाचव्या दिवशी दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मूत्रपिंडं पूर्वीसारखी राहिली नाहीत. थोडी अधू झाली, ती तशीच राहणार. म्हशीच्या कॅल्शियमचा त्यात वाटा किती आणि माझ्या सल्ल्याचा किती, असं मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “सर, तसं काही सांगता येत नाही.” सांगता येतं. तिनं सांगितलं नाही.

आक्काला घरी आणल्यावर मी आठवडाभर तिथंच राहिलो. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. रेखा खाटेजवळ तांब्या भरून ठेवायची. आक्का तांब्याकडे हात न्यायची, मग थांबून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की घोट घ्यायची. मला वाटलं, अशक्तपणा असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात उन्हाला बसली होती, ओठ सुकलेले, तांब्या हाताशी, आणि मी घरात होतो म्हणून पाण्याला शिवली नव्हती. मी बाहेर आलो तशी म्हणाली, “घेऊ का रं?”

माझ्यानं राहवलं नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, “आक्का, मला विचारू नकोस. मी पाणी बंद कर म्हणालो ते चुकलं. साफ चुकलं. तू मेली असतीस माझ्यामुळं. तहान लागत होती, तर प्यायली का नाहीस? कुणाचं म्हणून कधी ऐकत नाहीस तू!”

तिनं माझ्याकडे बघितलं. वेड्यासारखं काय विचारतोस, असा चेहरा.

“आरं, गल्लीतल्या बायका जलमभर इचारत्यात मला. भाऊ येवढा डाक्टर, मग तुमाला औशीद काय देतोय? मी काय सांगायची? ह्या टायमाला म्हटलं, दिलंय की. पाणी बंद केलंय माझ्या भावानं. शेजारची हिराबाई म्हणाली, असलं कसलं औशीद? म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, लय शिकलाय त्यो.” ती दम घ्यायला थांबली. “जीभ टाळ्याला चिकटायची रं वसंता. रेखा पाणी घिऊन यायची तर मी तोंड फिरवायची. पर मोडलं न्हाई. जलमात एकदा औशीद सांगितलंस, ते बी मोडायचं व्हय?”

मी साठी उलटलेला माणूस, भर दुपारी, रस्त्यानं माणसं जात-येत असताना, बहिणीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलो. तिनं जरा वेळ रडू दिलं. मग डोक्यावर टपली मारली.

“बास कर. लोकं बगत्यात. आन् मला सांग, आता पाणी किती पिऊ?”

“तहान लागेल तेवढं,” मी म्हणालो.

तिनं तांब्या उचलला, वरच्यावर घटाघटा सगळा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाली, “येवढंच? आरं, हे तर म्हशीला बी कळतंय.”